पेट्रोल पंपाच्या जागेत बोअर मारून मातीचे नमुने घेताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

वास येतो पण रिपोर्ट कोरा. नागपुरात हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने वाक्य सुरू केलं की शेवट मीच सांगतो. बंद पडलेला पंप असतो, नाहीतर वाडीकडे कुण्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या आवारातली जुनी डिझेलची टाकी, जागा विकायची असते, घेणारा म्हणतो आधी माती तपासून द्या, मग कोणीतरी बोअर मारतो, पन्नीत माती भरतो, आठ-पंधरा दिवसांनी कागद येतो अन् त्यात सगळीकडे 'आढळले नाही'. लॅब खोटं बोलत नसते. माती बरणीत जायच्या आधीच तिच्यातलं पेट्रोल उडून गेलेलं असतं.

यातल्या बहुतेक चुका नंतर दुरुस्त होत नाहीत, सरळ परत बोअरच मारावा लागतो. म्हणून क्रमाने लिहितोय, क्रम मोडू नका.

## १. आधी कागद, मग मशीन

बोअर कुठे घ्यायचा हे जागेवर कमरेवर हात ठेवून ठरवायचं काम नाही. आखीव पत्रिका, मंजूर नकाशा आणि पंपाचा मूळ लेआउट जमवा. त्यात बघायचं ते असं: टाक्या किती अन् कुठे, टँकर जिथे माल उतरवतो तो पॉइंट, टाकीपासून पेट्रोल भरायच्या मशीनपर्यंतच्या पाइपलाइनी, व्हेंट पाइप, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्वी होती पण आता नाही अशी मशीनं आणि टाक्या. नकाशा आणि जमीन जुळतेच असं नाही, म्हणून पंपावरच्या एखाद्या जुन्या माणसाला शोधून चहा पाजा आणि विचारा की पावसाळ्यात डिपमध्ये (टाकीत काठी घालून माल मोजताना) पाणी लागायचं का, कुठली टाकी बदलली होती, स्टॉकमध्ये घट कोणत्या टाकीत यायची. ज्या टाकीत बाहेरचं पाणी आत येतं त्या टाकीतून आतला माल बाहेरही जातो, एवढं साधं आहे.

पंप किती जुना हे नक्की करा. देशात शिसं घातलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, तेव्हा पंप त्याआधीचा असेल तर तपासणीत शिसंही घ्यावं लागतं.

मग माती. आपल्या नागपुरात ही भानगड मोठी आहे, कारण शहराच्या पश्चिमेला वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग बेसॉल्टचा काळा खडक. पूर्वेकडे गेलं की जुना नाइस खडक लागतो, आणि कामठीकडे वाळूचा खडक. मनीषनगरमध्ये चाललेली पद्धत कळमन्यात चालेलच असं धरू नका. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांतून सांडलेलं डिझेल सरळ खाली उतरतं, पावसाळ्यात माती फुगते अन् भेग बुजते, वरून बघितलं तर काहीच नाही. म्हणजे एका बोअरमध्ये स्वच्छ आणि दोन मीटरवर बरबटलेलं, असं होऊ शकतं आणि होतं.

तपासा: शेजारच्या विहिरी, बोअरवेल कुठे आहेत, पाणी किती खोल आहे, कोणाच्या पाण्याला वास येतो का. हे नकाशावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. परवानगी, आणि जमिनीच्या पोटातलं जाळं

पंप चालू असेल तर तो पेट्रोलियमच्या लायसनखालचा परिसर आहे, मालक 'हो' म्हणाला म्हणून आत रिग, म्हणजे बोअर मारायचं मशीन, घालायची नाही. तेल कंपनीची लेखी परवानगी लागते आणि काम त्यांच्या वर्क परमिटवर चालतं. लायसनच्या बाबतीत शंका असेल तर पेसोचं (स्फोटकं आणि पेट्रोलियमची लायसन्स बघणारी केंद्राची संस्था) मुख्यालय आपल्याच शहरात, सेमिनरी हिल्सला आहे, जाऊन विचारता येतं.

पंप बंद असेल तर लोक सैल होतात. भाऊ, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकी रिकामी करून गॅसमुक्त केल्याचा कागद मागा. तो नसेल तर टाकीच्या आसपास काहीही सुरू करू नका.

जमिनीखाली काय काय आहे त्याची यादी करा: विजेची केबल, पाण्याची लाइन, गटार, टेलिफोनची फायबर, आता काही भागात गॅसची लाइनही. केंद्राचं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप २०२३ पासून आहे, त्यावर नोंद करा, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. केबल लोकेटर फिरवा, जमत असेल तर जमिनीचा रडार सर्व्हे करा (ओल्या काळ्या मातीत रडार फार खोल बघत नाही, हे रडारवाला तुम्हाला सांगणार नाही), आणि त्यानंतरही प्रत्येक बोअरच्या जागी पहिले सव्वा ते दीड मीटर हाताने खोदा. सब्बल आपटत नाही, फावड्याने आणि हॅन्ड ऑगरने, हळूहळू.

थांबा: हाताने खोदताना अचानक स्वच्छ वाळू लागली तर ती कुठल्यातरी पाइपच्या किंवा टाकीच्या भोवती भरलेली वाळू असू शकते. तिथे खोदणं बंद, जागा सरकवा.

## ३. रिग बोलवायच्या आधी लॅबला फोन

हे लोक सगळ्यात शेवटी करतात, खरं तर हे आधी करायचं. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची आहे का एवढं विचारून भागत नाही, *मातीतल्या* बीटीईएक्ससाठी (पेट्रोलमधले हलके, उडणारे घटक) आणि टीपीएचसाठी (पेट्रोलियमचे एकूण हायड्रोकार्बन) मान्यता आहे का ते विचारा. पाण्यासाठी असणं वेगळं, मातीसाठी वेगळं.

काय तपासायचं हे इंधनावर ठरतं. पेट्रोल असेल तर बीटीईएक्स, म्हणजे बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन, आणि सोबत हलक्या टप्प्याचं टीपीएच. डिझेल असेल तर जड टप्प्याचं टीपीएच, नॅप्थलीन आणि बाकीचे पीएएच (पॉलिअ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन). पंपावर दोन्ही असतात म्हणून दोन्ही. इथे एक चूक इतकी नेहमीची आहे की ठळक लिहितो: 'ऑइल अँड ग्रीस'ची टेस्ट करू नका. स्वस्त असते, सगळीकडे होते, पण त्या पद्धतीत शेवटी द्रावक वाळवून उरलेलं वजन घेतात, वाळवताना पेट्रोल निघून जातं. ट्रकच्या गॅरेजच्या मातीला चालेल, पेट्रोलच्या गळतीला अजिबात नाही.

लॅबकडून मागायचं ते:

बीटीईएक्ससाठी आधी वजन केलेल्या, मिथेनॉल घातलेल्या (त्यात हे घटक विरघळून टिकतात, उडत नाहीत) ४० मिलीच्या काचेच्या बाटल्या आणि त्यासोबत माती ओढायच्या, टोक कापलेल्या सिरिंज. टीपीएच, पीएएचसाठी आतून टेफ्लॉन लावलेल्या झाकणाच्या काचेच्या बरण्या. ओलाव्यासाठी वेगळी छोटी बरणी, कारण मिथेनॉलमध्ये गेलेल्या मातीचा ओलावा मोजता येत नाही, आणि काळ्या मातीत ओलावा इतका असतो की कोरड्या वजनावर आकडा काढला नाही तर निकाल सरळ कमी दिसतो. प्रवासाचा ब्लँक, म्हणजे लॅबमधूनच भरून येणारी, साइटवर न उघडता परत जाणारी बाटली. आणि चेन ऑफ कस्टडीचा फॉर्म, म्हणजे नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला त्याची नोंद.

लॅब म्हणाली की "बाटल्याफिटल्या काही लागत नाही, पन्नीत आणा", तर दुसरी लॅब बघा.

## ४. बोअर कुठे, किती, कोणत्या क्रमाने

छोट्या पंपाला मी साधारण असं बसवतो: टाक्यांच्या चारी बाजूंनी एकेक, माल उतरवायच्या पॉइंटपाशी एक, प्रत्येक मशीनच्या ओट्याजवळ एक, पाइपलाइनच्या वळणावर किंवा सांध्यावर एक, उताराच्या बाजूला हद्दीवर एक, आणि चढाच्या बाजूला, पंपाचा वारा न लागलेल्या जागी, एक तुलनेसाठी. हा शेवटचा बोअर पैसे वाचवायला लोक गाळतात आणि मग शेजारचं गॅरेज पूर्वीपासून सांडत होतं की आपण, हे कधीच सिद्ध करता येत नाही.

टाकीच्या कडेपासून निदान दीड-दोन मीटर लांब राहा. खोली टाकीच्या तळाच्या खाली निदान एक-दोन मीटर. तीन मीटरवर थांबलेले बोअर मी पाहिलेत, टाकीचा तळच साडेतीनला होता, म्हणजे गळतीच्या वर उभं राहून गळती शोधणं झालं. टाकीचा खड्डा काळ्या मातीत किंवा मुरुमात खोदलेला अन् वाळूने भरलेला असतो, पावसाळ्यात त्यात पाणी साचून न्हाणीघराची टाकी होते, माल त्या पाण्यावर तरंगतो आणि भरून वाहिला की पाइपच्या चराने लांब जातो. म्हणून पाइपच्या चराकडे दुर्लक्ष नको.

क्रम: स्वच्छ जागेपासून घाण जागेकडे. तुलनेचा बोअर पहिला, मग हद्द, टाकीजवळचे सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर तुम्ही स्वतःच सामानाला लागलेलं पेट्रोल साइटभर फिरवता.

## ५. कुठली रिग

बोअरवेलची गाडी बोलवू नका. पुन्हा सांगतो, बोअरवेलची गाडी बोलवू नका, ती स्वस्त आहे अन् दीड तासात शंभर फूट जाते हे मला माहीत आहे. तिच्यात हवेच्या दाबाने भुगा वर फेकतात, म्हणजे मातीतली वाफ कॉम्प्रेसरच उडवून लावतो, वर त्या हवेत कॉम्प्रेसरचं तेल असतं, आणि भुगा नक्की कोणत्या खोलीचा हे देवाला माहीत.

काळ्या मातीत आणि मऊ मुरुमात हॅन्ड ऑगर किंवा पोकळ दांड्याचा ऑगर, कोरडा. मिळत असेल तर आतून प्लॅस्टिकच्या नळीचा, दाबून घुसवायचा सॅम्पलर सगळ्यात छान. इमारतीच्या पायाच्या तपासणीवाले तिपाईवर विंच लावून काम करतात ते चालतं, पण त्यांना दोन गोष्टी आधीच बजावून सांगा: बेंटोनाइटचा चिखल वापरायचा नाही, आणि रॉडच्या आट्यांना ग्रीस लावायचं नाही. ग्रीस लावलं की टीपीएचमध्ये तेच दिसतं. कडक खडक लागला तर कोअर काढावा लागेल, पाणी वापरणं भाग आहे, मग ते नळाचं स्वच्छ पाणी असावं आणि त्याचाही एक नमुना ठेवावा. खडकात माती नसते, तिथे सांध्यांचे रंग, वास आणि पाणी बघायचं.

## ६. कामाच्या दिवशी सकाळी

ऋतू निवडता येत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात ४५ डिग्रीला बेंझीन तुमच्यासाठी थांबत नाही. मे मध्येच करावं लागलं तर सहा वाजता सुरू करा, डोक्यावर हिरवी नेट बांधा, अकराला आटपा.

सुरुवात पीआयडीपासून, म्हणजे हवेतली पेट्रोलची वाफ मोजणाऱ्या हातातल्या मीटरपासून. १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा, १०० पीपीएम आयसोब्युटिलीनवर कॅलिब्रेशन, मीटरचं शून्य लावायचं ते रस्त्यापासून लांब, रिगच्या धुराच्या उलट बाजूला. आकडा वहीत लिहा. एलईएल मीटर (हवेतला गॅस पेट घेण्याच्या किमान पातळीच्या किती टक्के आहे ते दाखवणारा) वेगळा हवा. दोघांचं काम वेगळं: पीआयडीला मिथेन दिसत नाही, एलईएल मीटरला दिसतो. नाल्याकाठच्या किंवा गटाराजवळच्या जागेत एलईएल चढतो अन् पीआयडी गप्प, असं झालं तर तो बहुधा पेट्रोलचा नाही, गटाराचा गॅस आहे. पण धोका तेवढाच.

बोअरच्या तोंडाशी एलईएल १० टक्के झालं की इंजिन बंद, माणसं वारा जिकडून येतो त्या बाजूला, वाफ विरेपर्यंत वाट. आग विझवायचे ड्राय पावडरचे दोन सिलिंडर हाताशी. बिडी, मोबाइल, लायटर गेटवर जमा.

मग धुलाई. ऑगर, चमचे, स्प्लिट स्पून (दोन फाकांत उघडणारी नमुन्याची नळी), जे जे मातीला लागतं ते सगळं: आधी ब्रशने माती काढा, मग फॉस्फेट नसलेला साबण, मग नळाचं पाणी, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, अन् सावलीत स्वच्छ पन्नीवर वाळवा. प्रत्येक बोअरच्या मध्ये, आणि नमुन्याला लागणारी अवजारं प्रत्येक *नमुन्याच्या* मध्ये. धुतल्यावर शेवटचं पाणी एका बाटलीत धरून लॅबला पाठवा, धुणं नीट झालं की नाही ते तेच सांगतं.

हातांचंही तेच. जो पोट्टा जनरेटरमध्ये पेट्रोल ओततो त्याने बरणीला हात लावायचा नाही, त्या दिवशी तरी. नायट्रिलचे ग्लोव्ह दर नमुन्याला नवे. खर्रा (सुपारी-तंबाखूचा) घोटून झाला की तेच हात घेऊन येतात, हे मी नियमातच लिहून टाकलंय: खर्रा दुपारी. मच्छर पळवायचं क्रीम, सॅनिटायझर, परफ्युम, यातलं काही नको. वासाचा जाड मार्करसुद्धा नको, काही मार्करच्या शाईत झायलीन असतं, लेबलला साधा बॉलपेन.

तपासा: रिगखाली ताडपत्री अंथरली आहे ना? रिगचं स्वतःचं डिझेल ठिबकत असेल तर आजचं काम रद्द. खरंच रद्द.

## ७. बोअर खाली नेताना

हाताने खोदलेला भाग संपला की ऑगर चढवा आणि सलग माती वर काढत जा, अर्धा-अर्धा मीटर. दर वेळी वहीत: खोली, मातीचा प्रकार, रंग, ओल, वास (नाक लावून हुंगायचं नाही, बेंझीनने कॅन्सर होतो, हवेत जेवढा येईल तेवढाच लिहायचा), पीआयडीचा आकडा. काळ्या मातीत पेट्रोल-डिझेलचा डाग रंगाने कळत नाही, ती आधीच काळी आहे. मुरुमात बरं कळतं, पिवळट-तपकिरी मुरूम हिरवट-करडा दिसायला लागला की कान टवकारा.

पीआयडीसाठी पिशवीची पद्धत: झिपलॉक पिशवी अर्धी मातीने भरा, ढेकूळ बाहेरून दाबून फोडा, दहा मिनिटं सावलीत ठेवा, मग कोपऱ्यातून नळी घालून सगळ्यात मोठा आकडा लिहा. दहा म्हणजे सगळ्यांना दहा. एक पिशवी सावलीत अन् दुसरी गाडीच्या बॉनेटवर ठेवली तर आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. आणि ही पिशवीतली माती लॅबला पाठवायची नाही, ती फक्त कुठून नमुना घ्यायचा ते ठरवायला.

डिझेल पीआयडीला नीट दिसत नाही, जड असतं, फार उडत नाही. तिथे काचेच्या बाटलीत थोडी माती आणि पाणी घालून हलवा, वर इंद्रधनुषी तवंग आला तर समजा.

थांबा: वर घाण आणि खाली चिकणमातीचा घट्ट थर किंवा बेसॉल्टच्या दोन थरांमधली लाल माती लागली, तर ती आरपार भोसकू नका. तो थर वरची घाण अडवून बसलाय, तुम्ही भोक पाडलं की वाट तुम्हीच करून दिली. खालचं बघायचंच असेल तर बाहेरच्या स्वच्छ जागी किंवा आधी केसिंग बसवून.

## ८. नमुना (इथेच सगळं हरतं)

आमच्याकडून झालेली चूक आधी सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका साइटवर आम्ही माती घमेल्यात काढली, नीट एकजीव केली, दगड वेचले, फोटो काढले, मग बरण्या भरल्या. पायाच्या तपासणीत असंच शिकवतात ना, एकजीव करा. पीआयडी त्याच मातीवर तीनशेच्या वर दाखवत होता, लॅबमध्ये बेंझीन सापडलंच नाही. एकजीव करताना आम्ही ते हवेला दिलं होतं. मालकाने दुसऱ्या बोअरचे पैसे दिले नाहीत आणि त्याचं बरोबर होतं.

म्हणून क्रम असा, आणि घड्याळ लावून:

१) सॅम्पलर वर आला की उघडा, फोटो काढायचा तर एक काढा, बस. वरचा ढिला भाग (तो वरून घसरलेला असतो) बाजूला सारा.

२) सगळ्यात आधी बीटीईएक्सची बाटली. सिरिंज सरळ न हललेल्या मातीत खुपसा, साधारण ५ ग्रॅम माती, मिथेनॉलच्या बाटलीत ढकला, काठावरचे कण पुसा (आटीवर कण राहिला की झाकण गळतं), झाकण घट्ट. सॅम्पलर उघडल्यापासून इथपर्यंत दोन मिनिटांच्या आत. ती बाटली आधी वजन केलेली आहे, म्हणून तिच्यावर नवं स्टिकर चिकटवायचं नाही, लॅबने लावलेल्यावरच लिहायचं. एका खोलीच्या दोन बाटल्या.

३) मग पिशवीत पीआयडीची माती.

४) मग टीपीएच-पीएएचची बरणी, काठोकाठ, दाबून, हवेला जागा न ठेवता.

५) मग ओलाव्याची बरणी, मग शिसं असेल तर त्याची.

वाळूत किंवा मुरुमाच्या खड्यांत सिरिंज जात नाही, तिथे स्वच्छ चमच्याने झटपट उचला अन् तसं वहीत लिहा. लपवू नका.

लॅबला कोणत्या खोल्या पाठवायच्या? सगळ्या पाठवल्या तर मालक पळेल. मी चार धरतो: जिथे पीआयडी सगळ्यात जास्त, टाकीच्या तळाच्या पातळीची, पाण्याच्या पातळीच्या लगेच वरची, कारण पेट्रोल आणि डिझेल दोन्ही पाण्याहून हलके, पाणी जिथे वर-खाली होतं तिथेच ते मातीला माखत जातात, आणि सगळ्यात खालची, जी स्वच्छ निघायला हवी. खालची स्वच्छ निघाली नाही तर बोअर पुरेसा खोल गेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दर दहा-वीस नमुन्यांमागे एक जोड नमुना, वेगळं नाव देऊन. लॅबला कळू द्यायचं नाही कोणता कोणाचा जोडीदार.

## ९. पाण्याची निरीक्षण नळी बसवायची असेल तर

थोडक्यातच सांगतो, हा वेगळा विषय आहे. चाळणीचा, म्हणजे चिरा पाडलेल्या नळीचा भाग पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे यायला हवा. पूर्ण बुडाला तर वर तरंगणारं पेट्रोल आत येतच नाही. आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरच्या पातळीत काही मीटरचा फरक पडतो तेवढी लांबी धरा. आणि नळीचे जोड आट्यांचे घ्या. प्लंबर लोक सवयीने पीव्हीसीचा सोल्युशन लावतात, तो स्वतःच द्रावक आहे, रिपोर्टमध्ये भलतीच नावं येतात.

## १०. आइसबॉक्स आणि पाठवणी

बरणी भरली की लगेच आइसबॉक्समध्ये, दुपारी एकदम नाही. ४ डिग्रीच्या आसपास ठेवायचं. साधा बर्फ दोन-दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर वितळून लेबलं धुऊन निघतात आणि मग बीएच-२ कोणता अन् बीएच-५ कोणता यावर भांडण. तापमान बघायला एक पाण्याची बाटली सोबत टाका, लॅब उघडताना त्याच पाण्याचं तापमान घेते.

मिथेनॉलमधले नमुने १४ दिवसांत तपासले गेले पाहिजेत, बीटीईएक्ससाठी मिथेनॉलशिवाय आणलेल्या मातीला ४८ तासच. शुक्रवारी-शनिवारी नमुने घेऊ नका, रविवारी ते कुठल्यातरी गोदामात गरम होत बसतात. लॅब पुण्या-मुंबईला असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत खोका टाकून द्यायचा मोह होतो, इंजिनशेजारच्या डिक्कीत रात्रभर काय होतं ते सांगायला नको. शिवाय मिथेनॉल पेट घेणारं आहे, विमानाच्या कुरिअरने नियम बघितल्याशिवाय जात नाही. त्यापेक्षा एक माणूस गाडीने पाठवा, बर्फ मध्ये एकदा बदलायला सांगा. फॉर्मवर देणारा-घेणारा दोघांच्या सह्या, वेळेसकट.

## ११. बोअर बुजवणं, उरलेल्या मातीचं काय

काढलेलीच माती परत त्याच भोकात ढकलणं ही सगळ्यात आळशी आणि सगळ्यात नेहमीची चूक. सिमेंट-बेंटोनाइटचं पातळ मिश्रण नळीने तळापासून वर भरत या, वरून ओतलं तर मध्ये पोकळी राहते. दुसऱ्या दिवशी बघा, खाली बसलं असेल तर परत भरा, वर काँक्रीट.

काढलेली माती, धुण्याचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये, लेबल लावून, निकाल येईपर्यंत जागेवरच. बाजूच्या नाल्यात ओतायचं नाही, तो नाला शेवटी नाग नदीलाच जातो. निकाल वाईट आला तर ती माती धोकादायक कचऱ्यात धरून रीतसर पाठवावी लागते, बुटीबोरीला त्याची सामायिक सोय आहे.

## १२. रिपोर्ट हातात आल्यावर

निकालाच्या आकड्याआधी हे बघा: आकडे कोरड्या वजनावर आहेत का, बॉक्स पोचला तेव्हा तापमान काय होतं, प्रवासाचा ब्लँक कोरा आहे का, जोड नमुने एकमेकांच्या जवळपास आहेत का, आणि 'आढळले नाही' म्हणजे *कितीच्या खाली* आढळलं नाही. लॅबची शोधमर्यादाच तुमच्या तुलनेच्या पातळीच्या वर असेल तर त्या शब्दांना काही किंमत नाही. पाण्याच्या बाबतीत डब्ल्यूएचओची पिण्याच्या पाण्यातली बेंझीनची पातळी ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, पाणी तपासणाऱ्या लॅबला त्याहून खाली दिसायला हवं.

मग तुमची पीआयडीची वही आणि रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवा. आकडे जुळणार नाहीत, जुळायचेही नसतात, पण चढ-उतार जुळायला हवेत. वहीत दोन मीटरवर पाचशे अन् रिपोर्टमध्ये तिथेच कोरं, असं असेल तर मालकाला 'जागा स्वच्छ आहे' म्हणून कागद द्यायच्या आधी लॅबला फोन करून एकच विचारा, बाटली उघडली तेव्हा त्यात मिथेनॉल किती उरलं होतं. झाकण गळालेलं असेल तर त्या बोअरच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, परत एकदा सॅम्पलर घालायची तयारी ठेवा.